मधली पंचवीस वर्षं

निवांत बसा. आज स्पॅनिश लेखक मिगेल दे सर्व्हांतेसच्या आयुष्याकडे बघायचं आहे, पण सुरुवात ‘डॉन किहोते’पासून नको. ती कादंबरी १६०५ साली आली, तेव्हा तो ५७ वर्षांचा होता. तिला तूर्तास बाजूला राहू द्या.

आधी त्याचा डावा हात बघा. ऑक्टोबर १५७१, लेपांतोची आरमारी लढाई. अंगात ताप होता, तरी तो लढायला उभा राहिला. छातीत दोन गोळ्या लागल्या, तिसरी हातात. हात तुटला नाही, पण कायमचा निकामी झाला.

चार वर्षांनी तो मायदेशी निघाला, तेव्हा जवळ शिफारसपत्रं होती. त्यातलं एक तर राजाच्या सावत्र भावाचं, डॉन हुआनचं. वाटेत अल्जिअर्सच्या चाच्यांनी जहाज पकडलं. ती पत्रं बघून त्यांना वाटलं, हे बडं धेंड असणार. खंडणी ठरली ५०० सोन्याचे एस्कुदो. बाप जखमा बांधणारा, शिरेतून रक्त काढणारा साधा माणूस. एवढे पैसे कुठून आणणार? जरा थांबा इथे. ज्या कौतुकाच्या जोरावर नोकरी मागायची, त्याच कौतुकाने सुटका महाग केली. तुम्ही त्याच्या जागी असता, तर कोणावर रागावला असता?

अल्जिअर्सच्या कैदेतून त्याने चार वेळा पळून जायचा प्रयत्न केला, चारही वेळा फसला. पाच वर्षांनी, १५८०च्या सप्टेंबरात, त्याला कॉन्स्टँटिनोपलच्या जहाजावर चढवलंही होतं. त्रिनितारियन साधूंनी ऐनवेळी पैसे भरून त्याला सोडवलं.

इथून पुढे सावकाश.

सुटून आल्यावर त्याने नाटकं लिहिली, १५८५ साली ‘ला गालातेआ’ ही कादंबरी छापली. पोट भरेना. मग इंग्लंडवर चालून जाणाऱ्या आरमारासाठी आंदालुसियाच्या गावागावांतून गहू आणि तेल जमा करायची सरकारी नोकरी धरली. कल्पना करा: कोठाराचं बंद दार, दाराशी हा माणूस, एक हात निकामी. मालाचे पैसे सरकार नंतर देणार, आणि सरकारचं ‘नंतर’ कसं असतं हे शेतकऱ्याला पुरतं ठाऊक. एसिखा गावात त्याने चर्चचा गहू जप्त केला, तर त्याच्यावर धर्मबहिष्कार पडला.

१५९०मध्ये त्याने अर्ज केला. अमेरिकेतल्या वसाहतींत चार जागा रिकाम्या होत्या, त्यांपैकी कुठलीही चालेल म्हणाला. उत्तर आलं: इकडेच काहीतरी बघावं.

या नकारापाशी बसून राहा. मन लगेच पुढे धावेल. अमेरिकेला गेला असता तर ती कादंबरी झाली नसती, म्हणजे बरंच झालं, असं म्हणेल. म्हणू देऊ नका. पुढचं आपल्याला माहीत आहे, त्याला नव्हतं. त्याच्या लेखी ती पुढल्या कशाची तयारी नव्हती. ४३ व्या वर्षी नोकरी नाकारली गेली होती, बस. मला तर अशा वर्षांना मागाहून अर्थ चिकटवणं थोडं निर्दयच वाटतं.

पुढे करवसुलीचं काम मिळालं. वसुलीचा पैसा ज्या सावकाराकडे ठेवला तो बुडाला, आणि १५९७मध्ये सर्व्हांतेस सेव्हियाच्या तुरुंगात गेला. किहोतेचं बीज तुरुंगात पडलं, असं त्याने प्रस्तावनेत सुचवलं आहे.

आता कादंबरी येऊ द्या. ती धडाक्याने खपली, पण हक्क प्रकाशकाला विकलेले, त्यामुळे तो श्रीमंत झाला नाही. १६१४मध्ये कुणीतरी टोपणनावाने बनावट दुसरा भाग काढला आणि प्रस्तावनेत त्याच्या म्हातारपणाची, हाताची टवाळी केली. त्याने पुढच्याच वर्षी आपला खरा दुसरा भाग आणून उत्तर दिलं: वय थांबवणं माझ्या हातात नव्हतं, आणि हात काही दारूच्या गुत्त्यात गेला नाही. राग आहे, पण आवाज चढलेला नाही. तो सूर मनात थोडा वेळ राहू द्या.

१९ एप्रिल १६१६. आदल्या दिवशी त्याला मरणासन्न माणसाला लावतात ते पवित्र तेल लावून झालं होतं. तरी त्याने ‘पेर्सिलेस’ या आपल्या कादंबरीची अर्पणपत्रिका लिहिली, आणि चमत्काराने आयुष्य मिळालंच तर काय काय पूर्ण करणार तेही सांगितलं. त्या यादीत ‘गालातेआ’चा उरलेला भाग होता, जो तो १५८५पासून कबूल करत आला होता.