दुसऱ्याने फेडलेले कर्ज

बी.ए.ला मराठी साहित्याच्या इतिहासात ‘क्रिस्तपुराण’ अभ्यासाला होते. थॉमस स्टीफन्स हा इंग्रज जेझुइट धर्मगुरू १५७९ साली गोव्यात आला, येथील भाषा शिकला आणि आदमपासून येशूपर्यंतची सारी कथा त्याने मराठी ओवीत बांधली. १६१६ साली ती रोमन लिपीत छापली गेली. मदरशातून आलेल्या माझ्यासारख्या विद्यार्थ्याला त्या ओव्यांच्या गोडव्याने भुरळ घातली आणि आशयाने अस्वस्थ केले. आदमच्या अवज्ञेने मनुष्यजात पापात पडली, येशूने क्रूसावर यातना भोगून त्या पापाचे मोल भरले, आणि त्यावर श्रद्धा ठेवणारा तरला, ही ख्रिस्ती धर्माची मध्यवर्ती धारणा. आपल्याकडे हिला ‘कफ्फाऱ्याचा अकीदा’ म्हणतात.

वर्गात वसईचा एक ख्रिस्ती मित्र होता. त्याने मला विचारले, “तुमचा अल्लाह तौबा केली की क्षमा करतो म्हणता. मग ज्याचे वाटोळे झाले त्याचे काय? भरपाई कुणीच करायची नाही?” एकाच्या पापाचे ओझे दुसऱ्यावर टाकले जात नाही, हे कुरआनचे तत्त्व मी त्याला तत्परतेने ऐकवले. तत्त्व खरे होते, परंतु त्याचा प्रश्न तसाच राहिला, हे मला बऱ्याच वर्षांनी उमगले.

वाचकहो, ज्या मताचा आपल्याला प्रतिवाद करायचा आहे, ते मत प्रथम त्याच्या उत्तम स्वरूपात समजून घ्यावे, हा इन्साफ आहे. ‘देवाने स्वतःच्या मुलाला मारले’ अशी थट्टा आपल्या काही वक्त्यांच्या तोंडी असते. ती टाळलेली बरी, कारण ख्रिस्ती माणूस असे मानतच नाही. येशू स्वेच्छेने मरणाला सामोरा गेला, असे तो मानतो. अकराव्या शतकाच्या अखेरीस कँटरबरीचा आर्चबिशप अँसेल्म याने या श्रद्धेची तर्कशुद्ध मांडणी केली. पाप म्हणजे ईश्वराला देय असलेला मान न देणे, म्हणजेच एक कर्ज. ईश्वराची थोरवी अमर्याद, म्हणून कर्जही अमर्याद. फेडायचे माणसाने, पण तो जे काही देईल ते आधीच त्याच्याकडून येणे आहे, मग जादा आणणार कोठून? फेडू शकतो तो ईश्वरच. म्हणून जो ईश्वरही आहे आणि मनुष्यही, अशानेच ते फेडावे. सगळेच ख्रिस्ती हा हिशेब मानतात असे नाही. बाराव्या शतकातल्या अबेलार्डने क्रूसात मुख्यतः माणसाचे हृदय पालटणारे प्रेम पाहिले.

ह. ईसा (अ.) यांना ना ठार करण्यात आले ना सुळी देण्यात आले, ही सूरह निसामधील ग्वाही आपल्यासाठी निर्णायक आहे. पण घटनेचा वाद क्षणभर बाजूला ठेवला तरी नैतिक प्रश्न उरतोच: एकाचे पाप दुसऱ्याला फेडता येते काय?

कर्ज फेडता येते, हे शरीअतलाही मान्य आहे. एक जनाजा आणला गेला. मृताच्या डोक्यावर दोन दिनारांचे (काही रिवायतींनुसार तीन) कर्ज असल्याचे कळताच प्रेषित मुहम्मद (स.) यांनी त्याची नमाज पढवण्यास नकार दिला. ह. अबू कतादा (रजि.) पुढे आले आणि ते कर्ज त्यांनी आपल्या शिरावर घेतले, तेव्हा नमाज झाली. दुसऱ्या दिवशी आपण (स.) पुन्हा चौकशी केली, आणि रक्कम चुकती झाल्याचे ऐकल्यावर मृताला आता गारवा मिळाला असे फरमावले. मरण पावलेल्या भावाचे ओझे जिवंत भावाने उतरवले. मित्राची उपमा इस्लामला परकी नव्हती तर!

मात्र अबू कतादा (रजि.) यांनी उचलले ते दिनार होते. दिनार कुणाच्या हातून आला याने सावकाराला फरक पडत नाही. आपल्या फिक्हने हा भेद फार काटेकोरपणे जपला आहे. चुकून एखाद्याचा जीव गेला तर दियत, म्हणजे रक्ताची भरपाई, मारणाऱ्याचे कुटुंबीय मिळून भरतात. जाणूनबुजून खून केला तर किसास फक्त खुन्यावर. त्याचा धाकटा भाऊ कितीही राजीखुशीने मान पुढे करो, काजी त्याला हात लावणार नाही. पैसा एका हातातून दुसऱ्या हातात जातो; अपराध जात नाही. अँसेल्मने पापाला कर्ज म्हटले आणि त्याची फेड मरणाने केली, तेथे मला या दोन गोष्टींची सरमिसळ दिसते.

खुद्द लूकच्या शुभवर्तमानातील उधळ्या पुत्राची गोष्ट पाहा. सारे उडवून परतणाऱ्या मुलाला पाहून बाप धावत जातो, त्याला गळ्याशी लावतो. कुणाचे रक्त मागत नाही. ह. आदम (अ.) यांच्या तौबेची कुरआनमधील हकिकतही अशीच आहे: शब्द शिकवले गेले, ते उच्चारले गेले, तौबा कबूल झाली, विषय मिटला. माझा मित्र येथे म्हणाला असता की बापानेही किंमत मोजलीच, मालमत्ता गेली ती त्याचीच. खरे आहे. क्षमा करणारा नुकसान स्वतः गिळतो. पण अल्लाहचे नुकसान होत नाही. आपल्या सर्वांच्या पापांनी त्याच्या राज्यात तसूभर घट होत नाही, म्हणून त्याच्या हक्कातील क्षमेला मोल भरणारा लागत नाही. नुकसान होते ते बंद्यांचे.

मित्राचा प्रश्न नेमका तेथलाच होता, आणि उत्तर हुकूकुल इबादमध्ये होते. शहीदाचे सारे गुन्हे माफ होतात, कर्ज सोडून. सहीह मुस्लिममधील ‘मुफलिस’ची हदीस आपण अनेकदा ऐकली असेल. नमाज, रोजे, जकात घेऊन माणूस हजर होतो. पण कुणाला शिवी दिलेली, कुणावर आळ घेतलेला, कुणाचे खाल्लेले. त्याची पुण्ये त्यांना वाटली जातात. ती संपली की त्यांची पापे याच्यावर लादली जातात. पापे येथेही एकाकडून दुसऱ्याकडे जातात हे खरे, पण ती जातात पीडिताकडून जुलूम करणाऱ्याकडे. निरपराध्याकडे काहीच जात नाही.

मिंबरवरून कफ्फाऱ्याचे खंडन करताना मला अलीकडे थोडे थांबावेसे वाटते. आपणही आपले बदली शोधत असतोच. कुणाला शफाअतीचा भरवसा, कुणाला हजचा. गेल्या रमजानात एक गृहस्थ तरावीहनंतर थांबले. वडिलांच्या जमिनीतील बहिणीचा हिस्सा त्यांनी वीस वर्षांपूर्वी दाबला होता. उमऱ्याने ते धुऊन निघेल का, असे विचारत होते. मी विचारले, बहीण हयात आहे का? म्हणाले, आहे, दोन गल्ल्या सोडून राहते. मग थोड्या वेळाने विचारले, तेवढी रक्कम मशिदीच्या बांधकामाला दिली तर चालेल का?

चालणार नाही, असे मी सांगितले. ते उठून गेले. बहिणीकडे गेले की नाही, हे मला ठाऊक नाही.