आधी विचारू या, मग बोलू या



काही वर्षांपूर्वी आम्ही चर्चच्या पायऱ्यांशेजारी चाकांच्या खुर्चीसाठी उतार बांधला. वर्गणी जमली, आशीर्वाद झाला, फोटो निघाले. पहिल्याच रविवारी ध्यानात आले, की चढ इतका उभा आहे की खुर्ची ढकलायला दोन माणसे लागतात. एक फूट उंचीसाठी बारा फूट लांबीचा उतार हवा, हे आम्हांला ठाऊक नव्हते. खुर्चीवर बसणाऱ्याला ते अनुभवाने कळत होते. पण आम्ही त्याला विचारलेच नव्हते.

कायद्यांचेही असेच होते. जुलै २०२० मध्ये, कोरोनाच्या काळात, केंद्र सरकारने २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यात बदल सुचवून जनतेची मते मागवली. दिव्यांग व्यक्तीचा चारचौघांत हेतुपुरस्सर अपमान करणे या कायद्याने गुन्हा आहे. अशा काही गुन्ह्यांत पीडिताच्या संमतीने, पैसे देऊन तडजोड करता यावी, असा तो प्रस्ताव होता. न्यायालयांवरचा भार हलका व्हावा, हे कारण खोटे नव्हते. पण ज्याची नोकरी समोरच्याच्या हाती आहे, त्याची संमती कितपत मोकळी असणार? हा प्रश्न कागदावर दिसत नाही. तो भोगणाऱ्यालाच दिसतो. मत देण्यास मुदत होती जेमतेम दहा दिवसांची. वास्तविक मसुदा निदान तीस दिवस लोकांपुढे असावा, हे सरकारचेच २०१४ चे धोरण आहे. तरीही दिव्यांगांच्या संघटनांनी हरकती पाठवल्या आणि प्रस्ताव मागे पडला.

मग ज्यांच्या घरी कोणी दिव्यांग नाही, त्यांनी मत द्यावे का? ‘उद्या म्हातारपणी आपल्यावरही ही वेळ येईल’ असे आपण म्हणतो. ते खरे आहे, पण पुरेसे नाही. त्यात शेवटी काळजी स्वतःचीच असते. कायदा सर्वांच्या हितासाठी असतो, असे संत थॉमस अक्वायनस शिकवतात. त्या ‘सर्वां’तून कोणी वगळले जात असेल, तर गप्प बसणे म्हणजे तटस्थ राहणे नव्हे. आपले मौन हीसुद्धा संमतीच धरली जाते.

उलट बाजूने कोणी म्हणेल, ‘जे भोगले नाही, त्याविषयी बोलणे हा आगाऊपणा नाही का?’ दुसऱ्याच्या जागी बोललो, तर आहे. त्याच्यासोबत बोललो, तर नाही. यरीहोच्या वाटेवर आंधळा बार्तीमय ओरडू लागला, तेव्हा भल्या लोकांनीच त्याला गप्प राहण्यासाठी दटावले. प्रभू येशू मात्र थांबला. त्या माणसाला काय हवे, हे उघड दिसत असूनही त्याने ते त्यालाच विचारले. दयेच्या आधी त्याने मान दिला.

म्हणून यापुढे असा मसुदा जाहीर झाला, की आपल्या वाडीतल्या एखाद्या दिव्यांग व्यक्तीच्या घरी जाऊ या. मसुदा सोप्या मराठीत वाचून दाखवू या. ‘यामुळे तुमचे काय बदलेल?’ एवढेच विचारू या. उत्तर त्यांच्याच शब्दांत लिहू या आणि त्यांच्या सहीखाली आपली सही करू या.

आमचा तो उतार आता पुन्हा बांधायचा आहे. या वेळी पहिली बैठक खुर्चीवर बसणाऱ्याच्या घरी होईल.