देशप्रेम वारशाने मिळतं का?

वॉशिंग्टनला पाहुण्यांना घेऊन आपण सगळेच जातो. व्हाइट हाउस, लिंकन मेमोरियल, जमलं तर एखादं म्युझियम, आणि मग गाडीचं पार्किंग संपायच्या आत परत. व्हाइट हाउसपासून चालत काही मिनिटांवर पांढऱ्या खांबांच्या इमारतींचा एक मोठा समूह आहे, तिकडे सहसा कोणी वळत नाही. पत्ता मोठा मजेशीर आहे: १७७६, डी स्ट्रीट. 'डॉटर्स ऑफ द अमेरिकन रेव्होल्यूशन' या बायकांच्या संस्थेचं हे मुख्यालय.

संस्था १८९० सालची. तिचा जन्मच मुळी एका नकारातून झाला. क्रांतिवीरांच्या पुरुष वंशजांची संस्था आदल्या वर्षीच निघाली होती, आणि तिने बायकांना घ्यायचं नाही असं ठरवलं. तेव्हा मेरी लॉकवुड, मेरी डेशा, एलेन वॉलवर्थ आणि युजीनिया वॉशिंग्टन या चौघी पुढे झाल्या. त्यांनी स्वतःची संस्था काढली आणि पहिल्या अध्यक्षपदी थेट राष्ट्राध्यक्षांच्या पत्नी कॅरोलाइन हॅरिसन यांना बसवलं. कामं तीन: इतिहासाचं जतन, शिक्षण, देशभक्ती. आज सुमारे एक लाख नव्वद हजार सभासद आहेत. वंशावळींचं त्यांचं ग्रंथालय एवढं मोठं आहे, की आपल्या त्र्यंबकेश्वरच्या उपाध्यायांच्या वह्यांचीच आठवण व्हावी.

सभासद होण्याची अट मात्र एकच आणि पक्की. वय अठरा पूर्ण हवं, आणि अमेरिकेच्या स्वातंत्र्यासाठी काही ना काही केलेल्या एखाद्या पूर्वजाशी तुमचं थेट रक्ताचं नातं हवं. मधल्या प्रत्येक पिढीचा कागद हवा. दत्तक नातं चालत नाही.

आता हे सगळं मी का सांगते आहे? माझा जावई अमेरिकन. त्याच्या आईकडचं घराणं व्हर्जिनियातलं, जुनं. त्यातल्या एका शेतकऱ्याने क्रांतीच्या सैन्याला धान्य आणि गुरं पुरवली होती, आणि तेवढं पुरतं. म्हणजे माझी नात पुढच्या वर्षी या संस्थेची सभासद होऊ शकते. तिची आई, म्हणजे माझी लेक, याच देशात जन्मली, पण ती होऊ शकत नाही. आणि चाळीस वर्षं इथे कर भरणारी, मत देणारी, ज्यूरी ड्यूटीला जाणारी मी तर नाहीच नाही. विहीणबाई स्वभावाने अतिशय सालस. त्यांनी हे मला इतकं संकोचून सांगितलं, की मलाच त्यांची समजूत काढावी लागली. मला वाईट वाटलं नाही, पण एक प्रश्न डोक्यात घर करून बसला. देशप्रेम ही काय दागिन्यांसारखी पिढ्यान्‌पिढ्या हातात ठेवायची वस्तू आहे?

लगेच नाक मुरडण्याचं कारण नाही. आपलं तरी काय वेगळं आहे? आपल्यातल्या कितीतरी घरांत कुलवृत्तान्ताचा जाड ग्रंथ आहे. पेशवाईत आमच्या अमक्याने तमकी मोहीम केली, हे आपण चार लोकांत सांगतोच की. माझे वडील बेचाळीसच्या चळवळीत तुरुंगात होते, हे मी मुलांना शंभर वेळा सांगितलं असेल. सांगताना माझी मान ताठ होते, आणि तुरुंगात तर मी एक दिवसही गेलेली नाही. एका बाबतीत तर या बायका आपल्या पुढे आहेत. त्यांच्या वंशावळीत आई, आजी, पणजी यांच्या बाजूने आलेलं नातं बापाकडच्या नात्याइतकंच धरलं जातं. आपल्या कुलवृत्तान्तात लेक लग्न होऊन गेली की तिची ओळ तिथेच संपते. सून येते तीही बदललेल्या नावाने. माझ्या पणजीचं माहेरचं नाव आज घरात कोणालाही ठाऊक नाही.

तेव्हा वारशाचा अभिमान असू नये असं माझं म्हणणं नाही. पण मग पुढचा प्रश्न येतो, आणि तो अवघड आहे. पूर्वजांचा पराक्रम जर माझा, तर त्यांनी केलेला अन्यायही माझाच ना? पाटलाच्या वाड्यावर हक्क सांगायचा आणि त्याचं कर्ज मात्र नाकारायचं, हे कसं चालेल? आमच्या कुलवृत्तान्तात घराण्याने बांधलेल्या विहिरीचा मोठ्या अभिमानाने उल्लेख आहे. त्या विहिरीवर गावातल्या कोणाला पाणी भरू दिलं जात नव्हतं, याबद्दल एक अक्षर नाही. महाडला चवदार तळ्याचं पाणी पिण्यासाठी डॉ. आंबेडकरांना १९२७ साली सत्याग्रह करावा लागला. ते तळं अडवून बसणारेही कोणाचे तरी पूर्वज होतेच. त्यांच्या नावाने संस्था काढायला कोणी पुढे आलेलं मी तरी ऐकलं नाही!

या अमेरिकन संस्थेच्या वाट्यालाही हा प्रश्न आला, आणि फार उघडपणे आला. १९३९ साली मेरिअन अँडरसन या थोर कृष्णवर्णीय गायिकेला संस्थेने आपलं कॉन्स्टिट्यूशन हॉल हे सभागृह नाकारलं. एलिनॉर रूझवेल्ट यांनी त्यावर सभासदत्वाचा राजीनामा दिला. ईस्टरच्या दिवशी अँडरसन लिंकन मेमोरियलच्या पायऱ्यांवर गायल्या आणि पाऊण लाख माणसं ऐकायला जमली. त्याच वर्षी जर्मन राजवटीतल्या वीस हजार मुलांना या देशात आश्रय देण्याचं विधेयक आलं होतं, त्यालाही संस्थेचा विरोध होता. आदल्याच वर्षी राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांनी या बायकांसमोर भाषण करताना आठवण करून दिली होती, की आपण सगळेच स्थलांतरितांचे आणि क्रांतिकारकांचे वंशज आहोत. ऐकलं सगळ्यांनी, वळलं किती जणींना कोण जाणे.

पण गोष्ट इथे संपत नाही, म्हणून तर मला या संस्थेबद्दल लिहावंसं वाटलं. अँडरसन १९४३ साली त्याच सभागृहात गायल्या. १९७७ साली कॅरन बॅचलर फार्मर या कृष्णवर्णीय बाई सभासद झाल्या. १९८० च्या दशकात लीना सांतोस फर्ग्युसन यांना वॉशिंग्टनच्या शाखेत प्रवेशासाठी झगडावं लागलं. त्या झगड्याच्या तडजोडीतून संस्थेने एक काम अंगावर घेतलं: क्रांतियुद्धात भाग घेतलेल्या कृष्णवर्णीय आणि मूळ अमेरिकन माणसांची नावं शोधणं. २००८ साली त्याचा 'फरगॉटन पेट्रिअट्स' हा भलाथोरला ग्रंथ निघाला. त्यात सहा हजार सहाशेहून अधिक नावं आहेत. गुलामगिरीत जन्मलेल्या माणसाच्या जन्माची नोंद कोण ठेवणार? ज्यांच्याकडे कागद नाही त्यांना 'कागद आणा' म्हणून सांगणं सोपं असतं. आपणहून कागद शोधायला बसणं कष्टाचं. पूर्वजांच्या कर्जाचा एखादा हप्ता फेडावा तसं हे काम मला वाटतं. सगळं कर्ज फिटलं असं मी म्हणणार नाही.

रक्ताच्या अटीबद्दल मात्र माझं त्यांच्याशी पटत नाही. आपल्या इतिहासात दत्तकांनी काय करून दाखवलं ते पाहा. बडोद्याचे सयाजीराव १८७५ साली दत्तक आले, कोल्हापूरचे शाहू महाराज १८८४ साली. गादीवर जन्मलेल्या कितीकांपेक्षा या दोघांनी प्रजेसाठी अधिक केलं. झाशी खालसा झाली ती कंपनीने दत्तक वारस मानला नाही म्हणूनच. आणि आपण इथले सगळे कोण? या देशाने घेतलेले दत्तकच की. तेही सहजासहजी नाही. संस्थेने १९२१ साली स्थलांतरितांसाठी नागरिकत्वाची माहितीपुस्तिका काढली, ती अनेक भाषांत फुकट वाटली. आणि दोनच वर्षांनी, १९२३ साली, सर्वोच्च न्यायालयाने भगतसिंग थिंड यांच्या खटल्यात निकाल दिला, की भारतीय माणूस नागरिक होऊच शकत नाही. ती दारं १९४६ साली किलकिली झाली, आणि १९६५ च्या कायद्यानंतर आपल्यासारख्यांना मोठ्या संख्येने येता आलं.

नातीने विचारलं, "आजी, मी फॉर्म भरू का?" मी म्हटलं, जरूर भर. तो शेतकरी तुझाच आहे. मात्र धान्य पुरवणाऱ्या त्या शेतावर राबत कोण होतं, हेही शोध. व्हर्जिनियातलं शेत आहे ते. विहीणबाई क्षणभर गप्प झाल्या, मग म्हणाल्या की काउंटीच्या कोर्टात जुनी मृत्युपत्रं असतील. आता दोघी मिळून जाणार आहेत. विहीणबाईंबद्दलचा माझा आदर त्या दिवशी वाढला.

या संस्थेच्या नियमांत मला सगळ्यांत जास्त विचारात पाडणारी गोष्ट वेगळीच आहे. पूर्वज सैनिकच असावा असं नाही. त्या काळात ज्याने नव्या राज्याशी एकनिष्ठ राहण्याची शपथ घेतली, त्याची ती शपथसुद्धा देशसेवा म्हणून धरतात. राजाला सोडून नव्या देशाचा झालो, असं चारचौघांत उभं राहून म्हणणं, बस्स. मग आपण तरी काय केलं? हात वर करून परक्या सत्तांशी असलेली निष्ठा सोडली आणि या संविधानाची बांधिलकी घेतली. त्या शेतकऱ्याच्या शेजाऱ्याने केलं तेच, दोनशे वर्षं उशिरा. माझ्या शपथविधीच्या दिवशी दाराशी दोन वृद्ध बायका कागदी झेंडे वाटत होत्या. या संस्थेच्या बायका असं काम ठिकठिकाणी करतात, हे मला खूप नंतर कळलं. त्या दोघी त्यांच्यातल्याच होत्या का, कोण जाणे. एकीने माझ्या साडीचा काठ पाहून "किती सुंदर!" म्हटलं आणि माझ्या हातात झेंडा दिला. ती काठाची नारायणपेठ मी लेकीला दिली आहे.