गेलेल्याच्या नावाने गाणे

पुणे-सातारा महामार्ग सोडून चेलाडी फाट्यावरून आत वळले की नसरापूर लागते. बनेश्वराच्या देवळामुळे आणि तेथल्या गर्द झाडीमुळे हे गाव पुणेकरांना माहीत आहे. भोर-वेल्ह्याच्या लोकांना ते बाजारामुळे माहीत आहे. नगरकडून कामधंद्यासाठी आलेली काही ख्रिस्ती कुटुंबे या परिसरात स्थिरावली आहेत. त्यांच्या भेटीसाठी आमचे तिकडे जाणे होत असे. २०१६ सालच्या लगीनसराईच्या तोंडावर त्यांतील एका घरी आमच्यापुढे एक प्रश्न आला. त्याचे आम्ही दिलेले उत्तर चुकीचे होते, हे आरंभीच सांगून टाकतो.

त्या घरातला मुलगा आमच्या मिस्सेत स्तोत्र गाई. आवाज मोकळा, सुराला पक्का. जवळच्या एका गावातील बॅण्ड पथकाने त्याला गायक म्हणून बोलावले होते. पथकाचा मूळ गायक, ज्याने ते उभे केले आणि ज्याच्या आडनावाने ते पंचक्रोशीत ओळखले जाई, तो त्या हिवाळ्यात अचानक वारला होता. क्लॅरनेटवाला, ट्रंपेटवाला, ढोल-ताशावाले सगळे तेच होते. फक्त गळा गेला होता. मुलगा म्हणाला, "फादर, गाडीवर नाव त्यांचं आणि माईकवर मी. लोकांना फसवल्यासारखं नाही का होणार?" त्याच्याबरोबर त्या गायकाची पत्नीही आली होती. ती ख्रिस्ती नव्हती, पण खेड्यात अडल्यानडल्याला माणसे फादरकडे येतात. ती एवढेच म्हणाली, "फादर, नाव पुसायला सांगू नका. त्या नावावर चार घरं चालतात."

आम्ही नाव बदलावयास सांगितले. सेमिनरीत शिकलेले संत अगस्तिन आमच्या जिभेवर होते: असत्य केवळ शब्दांत नसते, ऐकणाऱ्याची फसगत करण्याच्या इच्छेत असते. आमचे बोलणे तर्काला धरून होते. मंडळींनी ते मानले, गाडीवर नवे नाव रंगवले. त्या हंगामात त्यांना मोजक्याच सुपाऱ्या मिळाल्या. नवे नाव कोणाच्या ओळखीचे नव्हते. वधूपिता ओळखीच्या नावालाच विसार देतो. पुढच्या वर्षी दुसऱ्याच तालुक्यातील एका पथकाने ते मोकळे पडलेले जुने नाव उचलून आपल्या गाडीवर चढवले. त्या पथकातील एकाही माणसाने मृताबरोबर कधी एक वरातसुद्धा वाजवली नव्हती. आम्ही सत्य राखावयास गेलो आणि नाव खोट्याच्या हाती गेले.

तेव्हापासून आम्ही या प्रश्नाकडे पुन्हा पुन्हा वळलो. गाणाऱ्या मंडळीचा मुख्य गळा गेला, तर उरलेल्यांनी जुन्याच नावाने नवा गायक घेऊन उभे राहावे काय?

हा प्रश्न महाराष्ट्राला नवा नाही. आपल्या संगीत रंगभूमीचा निम्मा इतिहास याच प्रश्नाचा आहे. अण्णासाहेब किर्लोस्करांनी १८८० साली पुण्यात 'शाकुंतल' रंगभूमीवर आणले आणि अवघ्या पाच वर्षांनी, १८८५ मध्ये, ते गेले. मंडळीचे नाव त्यांच्याच आडनावाचे होते. ते कोणी पुसले नाही. भाऊराव कोल्हटकरांच्या गळ्यावर तीच किर्लोस्कर मंडळी पुढे गाजली. भाऊराव १९०१ साली गेले. आता सारे संपले असे रसिकांना वाटले असेल. पण १९०५ मध्ये नारायण राजहंस नावाचा एक कोवळा मुलगा त्याच मंडळीत दाखल झाला, आणि बालगंधर्वांचे युग सुरू झाले. भाऊरावांच्या निधनानंतर कोणी आमच्यासारखा सल्लागार भेटून मंडळीने पाटी उतरवली असती, तर त्या मुलाने कोणत्या उंबरठ्यावर पाय ठेवला असता?

पुढे १९१३ मध्ये बालगंधर्व, गणेशराव बोडस आणि गोविंदराव टेंबे किर्लोस्कर मंडळीतून बाहेर पडले. सगळ्यांत मोठा गळा त्यांच्याकडे होता, तरी जुने नाव त्यांनी नेले नाही. 'गंधर्व नाटक मंडळी' असे नवे नाव घेतले. जे राहिले त्यांच्याकडे किर्लोस्करांचे नाव राहिले. म्हणजे नाव सर्वांत गोड गळ्याच्या मागे जात नाही, घर सांभाळणाऱ्यांकडे राहते, असा संकेत त्या काळच्या नाटकवाल्यांनी न लिहिता पाळलेला दिसतो. तमाशाच्या फडांत आणि आजच्या वाद्यवृंदांत एवढी सभ्यता नेहमीच दिसते असे म्हणवत नाही.

त्याहून बोलके उदाहरण 'ललितकलादर्श'चे आहे. केशवराव भोसले हे कोल्हापूरचे. लहानपणी 'स्वदेश हितचिंतक' मंडळीत शारदेची भूमिका करून त्यांनी नाव मिळवले आणि १९०८ साली, वयाच्या अठराव्या वर्षाच्या आत, हुबळीला आपली स्वतंत्र मंडळी काढली. ८ जुलै १९२१ रोजी मुंबईत टिळक स्वराज्य फंडासाठी 'संयुक्त मानापमान' झाले. त्यात धैर्यधर केशवराव आणि भामिनी बालगंधर्व. त्या रात्रीच्या आठवणी जुन्या माणसांनी आयुष्यभर सांगितल्या. त्यानंतर तीन महिने होतात न होतात तोच, ४ ऑक्टोबर १९२१ रोजी, विषमज्वराने केशवराव गेले. वय एकतीस.

मंडळीची धुरा बापूराव पेंढारकरांनी घेतली. येथे आम्हांला थोडे थांबावेसे वाटते. बापूराव स्वतः चांगले गायक, पण केशवरावांच्या गळ्याची नक्कल करून प्रेक्षकांना झुलवण्याचा सोपा मार्ग त्यांनी धरला नाही. दुसऱ्याच वर्षी त्यांनी मामा वरेरकरांचे 'सत्तेचे गुलाम' आणले, त्यानंतर 'तुरुंगाच्या दारात' आणले. नाव जुने ठेवले आणि त्या नावाखाली नवे काम केले. १९३७ मध्ये बापूरावही गेले. मंडळी थांबली. १९४२ मध्ये त्यांचे चिरंजीव भालचंद्र यांनी तिला पुन्हा उभे केले. भालचंद्र पेंढारकरांचा जन्म नोव्हेंबर १९२१चा. केशवरावांना जाऊन तेव्हा दोन महिनेही झाले नव्हते. ज्या माणसाचा आवाज त्यांच्या कानी कधी पडला नाही, त्याने ठेवलेले नाव त्यांनी पुढे चालवले. 'दुरितांचे तिमिर जावो' आणि 'पंडितराज जगन्नाथ' ही नाटके 'ललितकलादर्श'चीच. २०१५ मध्ये ते वारले, तोवर त्या नावाला शंभराहून अधिक वर्षे झाली होती. त्यांनी प्रेक्षकांना फसवले, असे कोणी म्हणेल काय?

नाही म्हणणार, पण का नाही, हे मात्र सांगता आले पाहिजे.

ॲरिस्टॉटलने आपल्या राजनीतीवरील ग्रंथाच्या तिसऱ्या भागात नेमका गायकवृंदाचाच दाखला दिला आहे. तीच माणसे एके दिवशी शोकनाट्यात वृंद म्हणून उभी राहिली आणि दुसऱ्या दिवशी प्रहसनात, तर माणसे तीच असूनही वृंद वेगळा, असे तो म्हणतो. वृंदाची ओळख माणसांच्या मोजदादीत नसून त्यांच्या रचनेत असते. विद्यार्थिदशेत आम्ही हे पाठ केले होते. पण हा दाखला तो कोणत्या प्रश्नातून काढतो, तिकडे आमचे तेव्हा लक्ष गेले नव्हते. प्रश्न कर्जाचा आहे. नगराची सत्ता पालटली की नवे सत्ताधारी म्हणतात, जुने कर्ज आम्ही काढलेले नाही, तेव्हा फेडणारही नाही. नगर तेच आहे की नवे, हा विचार तेथून सुरू होतो. आणि शेवटी ॲरिस्टॉटल सांगतो की, कर्ज फेडावे की नाही हा प्रश्न निराळाच आहे. नाव आणि देणे यांची गाठ अशी जुनी आहे.

पवित्र शास्त्रात ती याहून उघड दिसते. रूथच्या पुस्तकाच्या चौथ्या अध्यायात वेशीपाशी बसलेला एक जवळचा नातलग आहे. मृताचे शेत सोडवून घ्यावयास तो एका पायावर तयार होतो. पण शेताबरोबर मृताची विधवा स्वीकारावी लागेल, मृताचे नाव त्याच्या वतनावर राखावे लागेल, हे कळताच तो मागे सरतो. आपल्याच वतनाचे नुकसान होईल, म्हणतो. त्याला शेत हवे आहे, ओझे नको आहे. बवाज दोन्ही घेतो. गमतीची गोष्ट अशी की, संत मत्तयने दिलेल्या वंशावळीत ओबेदचा पिता म्हणून बवाजाचेच नाव आहे. ज्या महलोनाचे नाव राखावयाचे होते, त्याचे नाही. म्हणजे नाव राखण्याचा तो विधी अक्षरांपुरता नव्हताच. उघड्यावर पडलेल्या बाईला घर मिळाले, नामीच्या मांडीवर नातू खेळला. राखले गेले ते एवढे.

आमच्या त्या पथकाच्या गोष्टीतला नातलग कोण, हे वाचकांना सांगावयास नको. दुसऱ्या तालुक्यातील त्या पथकाला शेत हवे होते. ज्यांनी विधवेला वाटा देण्याची तयारी दाखवली होती, त्यांच्याकडून आम्ही ते काढून घेतले.

आता आपल्या तरुण मंडळींच्या आवडीच्या संगीताकडे येऊ. घरोघरी मुले रॉक संगीत ऐकतात आणि वडीलधारी मंडळी त्यावर कपाळाला आठ्या घालतात. पण भोरहून मांढरदेवीचा घाट चढून वाईत उतरावे आणि पुढे पसरणीचा घाट चढावा, की पाचगणी लागते. तेथल्या सेंट पीटर्स शाळेत एका पारशी घरातला झांझिबारचा मुलगा शिकत होता. शाळेत त्याने सवंगड्यांसह बॅण्ड काढला होता. पुढे लंडनमध्ये तो फ्रेडी मर्क्युरी झाला आणि त्याच्या 'क्वीन' या बॅण्डने जग गाजवले. २४ नोव्हेंबर १९९१ रोजी तो वारला. त्याचे सहकारी काही वर्षांनी पुन्हा उभे राहिले, परंतु नुसते 'क्वीन' म्हणून नव्हे. आधी पॉल रॉजर्स, मग ॲडम लॅम्बर्ट, असा नव्या गायक आला की 'क्वीन' या नावापुढे अधिक चिन्ह घालून त्याचे नाव लिहिले गेले. तिकीट घेणाऱ्याला कोण गाणार हे कळते, आणि नव्या गायकालाही दुसऱ्याच्या कातड्यात शिरावे लागत नाही. त्यांच्यातला एक सहकारी जॉन डीकन मात्र १९९७ नंतर या सगळ्यातून बाजूला झाला. त्याचेही चुकले असे आम्हांला वाटत नाही.

हे अधिक चिन्ह आपल्या तमाशावाल्यांना फार पूर्वीच सुचले आहे. फडाच्या पाटीवर 'सह' हा शब्द असतो. कांताबाई सातारकर आणि त्यांचे चिरंजीव रघुवीर खेडकर यांची नावे फडाच्या पाटीवर अशीच 'सह'ने जोडलेली असत. २०२१ मध्ये कांताबाई गेल्या. पण मुलाचे नाव पाटीवर त्यांच्या हयातीतच आले होते, लोकांची नजर त्याला सरावली होती. वारसा देण्याची ही रीत आम्हांला शहाणपणाची वाटते.

१९८० या एकाच वर्षात पाश्चात्त्य जगात दोन उत्तरे मिळाली. एसी/डीसी या बॅण्डचा गायक बॉन स्कॉट फेब्रुवारीत वारला; जुलैत नव्या गायकासह त्यांची नवी ध्वनिमुद्रिका निघाली. तिचे वेष्टन शोक म्हणून काळे होते आणि पहिल्या गाण्याच्या आरंभी घंटेचे टोले होते. (गाण्याचे शीर्षक धर्मगुरूने आपल्या लेखात द्यावे असे नाही.) लेड झेपेलिनचा तर गायकही नव्हे, ढोलवादक गेला, आणि उरलेल्या तिघांनी डिसेंबरात थांबत असल्याचे जाहीर केले. दोघांनीही गेलेल्याचा मान राखला. थांबणाऱ्यांच्या घरी चूल पेटण्याची भ्रांत नव्हती, एवढे मात्र ध्यानात ठेवावे. नसरापूरच्या बाजारात उभ्या असलेल्या ताशावाल्याला ती सोय नसते.

आता आम्हांला असे वाटते की, त्या मुलाचा प्रश्न बरोबर होता आणि त्याचे उत्तर नाव पुसण्यात नव्हते. सुपारी घेताना "गायक नवा आहे, आधी ऐकून घ्या" एवढे वधूपित्याला सांगितले असते, की फसवणुकीचा प्रश्न मिटला असता. संत अगस्तिनांचे समाधान तेवढ्यावर झाले असते. न झालेले समाधान आमचे होते. उरला असता तो देण्याचा प्रश्न. मृताची बाकी राहिलेली उसनवारी, कलाकारांची थकलेली बिदागी, त्याच्या घरचा वाटा, आणि त्याने त्या नावाला जी प्रतिष्ठा मिळवून दिली तिला साजेसे वाजवणे. हे जो उचलील त्याचे ते नाव. आवाज सारखा आहे की नाही, हे त्यानंतर.

२०१९ मध्ये आमची तेथून बदली व्हावयाच्या आधी त्या मुलाच्या घरी शेवटचे गेलो, तेव्हा आम्ही त्याच्यापाशी आणि त्या बाईपाशी आपली चूक कबूल केली. बाई काही बोलली नाही, चहा आणला. मुलगा म्हणाला की, क्लॅरनेटवाले काका दुसऱ्या पथकाकडे जाऊन भांडून आले, गावच्या चार जाणत्यांना मध्ये घातले, आणि जुने नाव परत मिळाले आहे. गाडी दारातच उभी होती. वर मोठ्या अक्षरांत जुने आडनाव, खाली 'सह' आणि मुलाचे नाव. त्याची अक्षरे फारच बारीक होती. पेंटरने जागा पुरली नाही म्हणून तशी काढली की काय, म्हणून आम्ही विचारले. तर म्हणाला, "नाही फादर, मीच सांगितलं होतं. वहिनी म्हणतात पुढच्या सीझनला मोठी करू."