धातूची स्मृती

आमच्या काकांना अन्ननलिकेचा कर्करोग झाला, तेव्हा आधी त्यांची भाकरी सुटली, मग मऊ भात आणि शेवटी पेजेचे पाणीही. रविवारी फादर ख्रिस्तप्रसाद घेऊन घरी येत. पाण्यात भिजवलेला एवढासा कण. पण तोही एके दिवशी उलटून आला. वेदनेने कधी न रडलेले काका त्या दिवशी रडले.

डॉक्टरांनी अन्ननलिकेत जाळीदार नळी, म्हणजे स्टेंट, बसवण्याचे सुचवले. निकेल आणि टायटॅनियम यांच्या मिश्रधातूची ही जाळी थंड असताना दाबून बारीक आवरणात भरतात. गाठीच्या जागी आवरण मागे ओढले, की शरीराच्या उबेत तिला आपला मूळ आकार जणू आठवतो आणि एकदोन दिवसांत ती हळूहळू पूर्ण उलगडते. अशा पदार्थांना शास्त्रज्ञ 'स्मार्ट' म्हणतात. मला तो शब्द थोडा उदार वाटतो. धातूला स्मृती आहे, विवेक नाही.

तिचा जन्मही विचार करायला लावणारा आहे. अमेरिकन नौदलाच्या शस्त्रास्त्र प्रयोगशाळेत विल्यम ब्यूलर क्षेपणास्त्राच्या टोकासाठी उष्णता सोसणारा धातू शोधत होते. १९६१ साली एका बैठकीत या मिश्रधातूची घड्या घातलेली पट्टी हातोहात फिरत होती. कोणीतरी पाइप पेटवायच्या लायटरची ज्योत तिला लावली आणि घड्या आपोआप उलगडल्या. तरवारींचे फाळ होतील असे स्वप्न यशया संदेष्ट्याने पाहिले. इथे तर लोहाराच्या ध्यानीमनी नसतानाच फाळ झाला! उगमाचा डाग वस्तूला चिकटून राहतो, असे मी मानत नाही. तिचा विनियोग मात्र दर वेळी नव्याने ठरवावा लागतो, आणि तो धातू ठरवीत नाही.

आमच्या घरी तो ठरवायची वेळ आली. "बाबा बरे होणार नाहीत, मग एवढा खर्च कशासाठी?" थोरल्या मुलाने विचारले. प्रश्नात क्रूरपणा नव्हता. त्याच्यामागे दोन मुलांचे शिक्षण होते. बाराव्या पायस यांनी २४ नोव्हेंबर १९५७ रोजी भूलतज्ज्ञांपुढे बोलताना स्पष्ट केले होते, की स्वतःवर वा इतरांवर असह्य भार टाकणारे उपाय योजण्याचे बंधन माणसावर नाही. तेव्हा नकार देणे पाप ठरले नसते. तरीही त्या प्रश्नातले माप मला चुकीचे वाटले. भुकेल्याला जेवू घालताना तो किती दिवस जगणार आहे, हे आपण विचारतो का? ही जाळी रोग बरा करीत नाही, ती फक्त घास उतरू देते. कधी ती सरकते, कधी टोचते, कधी अन्नाने तुंबते. हे सारे मान्य करूनही घास हा घासच.

१९९५ साली अमेरिकेत मान्यता मिळालेले एक कर्करोगाचे औषध सुमारे शंभर नॅनोमीटरच्या स्निग्ध बुडबुड्यांत गुंडाळलेले असते. एक नॅनोमीटर म्हणजे मीटरचा अब्जावा भाग! हृदयाला होणारी इजा त्याने कमी होते. माणसाच्या सूक्ष्म कारागिरीचे कौतुक करावे तेवढे थोडे. पण किंमत काही त्या प्रमाणात सूक्ष्म होत नाही. ती निसर्गनियमाने ठरते असेही नाही. फेब्रुवारी २०१७ मध्ये आपल्या सरकारने हृदयाच्या औषधलेपित स्टेंटची कमाल किंमत २९,६०० रुपये ठरवली. अन्ननलिकेची जाळी त्या आदेशात नव्हती. पैशाअभावी घास नाकारावा लागला, तर तो नकार एकट्या त्या कुटुंबाचा कसा म्हणावा?

शेवटी जाळी बसवली. तिसऱ्या दिवशी काका पेज प्याले आणि येत्या रविवारी ख्रिस्तप्रसाद घशाखाली उतरला. साडेतीन महिन्यांनी ते गेले. तोवर थोरला मुलगाच त्यांना चमच्याने भरवीत असे. तो प्रश्न त्याने पुन्हा विचारला नाही. कर्ज मात्र अजून फिटायचे आहे.