लाजेच्या पडद्याआडचा प्रश्न

काही व्याधी माणूस चारचौघांत सांगतो, काही केवळ डॉक्टरला सांगतो, आणि काही डॉक्टरलाही अर्ध्याच सांगतो. मूत्रविकार या तिसऱ्या प्रकारात मोडतात. लघवीला त्रास होतो एवढे पुरुष कसेबसे बोलतो. पण उपचारानंतर आपल्या वैवाहिक जीवनाचे काय होईल, हा प्रश्न त्याच्या ओठांवर येत नाही. हे मौन नीतीच्या कसोटीला उतरते काय, याचा विचार येथे करावयाचा आहे.

प्रथम शरीराची रचना पाहू. पुरुषाच्या मूत्राशयाच्या तळाशी, जेथून मूत्रमार्ग सुरू होतो तेथे, स्नायूंचे एक कडे असते. त्याला मूत्राशयाची मान म्हणतात. निर्मात्याने या लहानशा कड्याकडे दोन कामे सोपविली आहेत. लघवीच्या वेळी ते सैल होऊन वाट देते. समागमाच्या अंती ते घट्ट मिटते, त्यामुळे वीर्य मागे मूत्राशयात न शिरता बाहेर पडते. काही पुरुषांत, ऐन तारुण्यातही, हे कडे लघवीच्या वेळी नीट उघडत नाही. फ्रेंच शल्यविशारद जॉर्ज मारियॉन यांनी १९३३ साली या विकाराविषयी लिहिले, म्हणून त्याला त्यांचे नाव मिळाले. धार बारीक होते, जोर करावा लागतो, मूत्राशय पूर्ण रिकामे होत नाही. दुर्लक्ष केल्यास जंतुसंसर्ग होतो, आणि विकार बळावला तर मूत्रपिंडांनाही धोका पोहोचतो.

आधी मान सैल करणारी औषधे देऊन पाहतात. ती पुरेशी न ठरल्यास दुर्बिणीतून मानेला छेद देतात. लघवी मोकळी होते. परंतु मिटण्याचे काम करणारे कडेच कापले गेल्याने वीर्य मागे वळून मूत्राशयात जाऊ शकते व पुढच्या लघवीबरोबर निघून जाते. त्याने प्रकृतीला अपाय होत नाही, पौरुषही बहुधा टिकते. पण नैसर्गिक मार्गाने अपत्यप्राप्ती दुरापास्त होते. दोन्ही बाजूंऐवजी एकाच बाजूला छेद दिल्यास हा संभव कमी होतो. मात्र त्याचीही हमी नसते, आणि कधी अडथळा पुरता न सुटल्याने पुन्हा शस्त्रक्रिया करावी लागते.

तेव्हा प्रश्न असा: हे जपण्याची इच्छा धरणे ही वासना की जबाबदारी?

ख्रिस्तसभेची शिकवण येथे संतुलित आहे. पोप बारावे पायस यांनी १९५२ साली वैद्यकतज्ज्ञांपुढे बोलताना सांगितले की, माणूस आपल्या देहाचा सर्वाधिकारी स्वामी नाही. मात्र संपूर्ण देहाच्या हितासाठी एखाद्या अवयवाचा त्याग तो करू शकतो. १९६८ च्या ‘ह्युमाने विते’ या परिपत्रकात पोप सहावे पॉल यांनी खऱ्या उपचारामुळे प्रजननात अडथळा येणार असला, तरी तो हेतू नसेल तर उपचार निषिद्ध नाही, असे स्पष्ट केले. म्हणून मूत्रपिंडे धोक्यात असताना शस्त्रक्रिया टाळणे हा धर्म नव्हे.

परंतु याच तत्त्वाला दुसरी बाजू आहे. त्याग गरजेपुरताच योग्य ठरतो. तेवढाच गुण देणारा सौम्य मार्ग उपलब्ध असताना, केवळ कोणी विचारले नाही म्हणून झालेली हानी त्याग ठरत नाही. ती बेफिकिरी होय. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ साली पतिपत्नींच्या शारीरिक प्रेमाला प्रतिष्ठेचे स्थान दिले. विवाह-संस्काराच्या ज्या देणगीला ख्रिस्तसभा पवित्र म्हणते, तिच्याविषयी डॉक्टरला विचारण्यात लाज ती कसली?

या निर्णयात पत्नीचाही वाटा आहे. अनेकदा तिला बाहेरच्या बाकावर बसवून आत सारे ठरते. मूल का होत नाही, याचा दोष मात्र पुढे तिच्याच पदरी येतो. अपत्याची आस असलेल्या जोडप्याने शस्त्रक्रियेपूर्वी एकत्र बसून विचारावे: औषधाने भागेल काय? एका बाजूचा छेद पुरेल काय? थोडे थांबता येईल काय? आणि न विचारताही सांगणे हे डॉक्टरचे कर्तव्य आहे. आपल्या सर्वोच्च न्यायालयानेही २००८ साली समीरा कोहली खटल्यात, पुरेशी माहिती मिळाल्यावर दिलेली संमती हीच खरी संमती, असा निर्वाळा दिला.

आणि इतके करूनही हानी झालीच तर? अशा पुरुषाने स्वतःला उणा समजू नये. वंध्यत्वामुळे विवाह अवैध ठरत नाही, असे १९८३ ची धर्मसंहिता सांगते. पतिपत्नींनी सारे जाणून, एकमेकांच्या संमतीने पत्करलेली हानी त्यांना जवळ आणू शकते. पण लपविलेली हानी घरात वर्षानुवर्षे अबोला धरून बसते. शालीनता हा सद्गुण खराच, पण जोडीदाराला अंधारात ठेवण्याचे निमित्त म्हणून तो आपल्याला दिलेला नाही.