वैरण

महाडहून भोरकडे निघालात की घाट सुरू होण्याआधी वरंध लागतं. तिथल्या एका भजनी बुवांची ही गोष्ट. गोष्टच आहे, म्हणून नाव विचारू नये.

बुवांना पहिली चाल कुणी समोर बसवून शिकवली नाही. लहानपणी शेजारच्या पडवीत पहाटे जातं फिरायचं. शेजारची मुलगी आईबरोबर नाचणी दळायची आणि दोघी ओव्या म्हणायच्या. मधे कुडाची भिंत. शब्द घरघरीत बुडून जायचे, चाल तेवढी इकडे यायची. पोरगा अंथरुणात पडून ऐकायचा. मिसरूड फुटेपर्यंत त्याला कळून चुकलं की आपण नुसती चाल ऐकत नाही. दुसऱ्या ओळीच्या मधोमध ती थबकायची. श्वासभर काही नाही, मग पुन्हा सूर. ते थबकणं आपल्यासाठीच, असं त्याने ठरवून टाकलं. त्या वयात असं ठरवायला पुरावा लागत नाही.

विचारायची हिंमत होईपर्यंत तिचं लग्न कसबे शिवथरला ठरलंसुद्धा. तिकडे भाताची खाचरं होती, याच्या बापाकडे नुसती वरकस. तो मुंबईला जाऊन कापडगिरणीत लागला.

गाववाल्यांच्या खोलीत शनिवारी रात्री भजन व्हायचं. तिथे पेटीवर बसल्यावर त्याने तुकोबांच्या एका अभंगाला तीच चाल लावली, थबकण्यासकट. पखवाजवाला आधी तिथे हमखास हुकायचा, मग हात उचलून धरायला शिकला. पाळी करून आलेले थकलेले कामगार त्या जागी डोळे पुसायचे. ‘बुवांचा थांबा’ चारचौघांत माहितीचा झाला. पोरं चाल मागायची. बुवा दुसऱ्या दहा द्यायचे, ही नाही. “ती माझी आहे,” एवढंच. संसार झाला, मुलं झाली. बायकोलाही त्यांनी त्या चालीचं मूळ सांगितलं नाही.

18 जानेवारी 1982 ला गिरण्यांचा संप सुरू झाला आणि गावी गेलेले कितीतरी जण परत मुंबईला आलेच नाहीत. बुवा त्यांतलेच. गावात तोवर पिठाची चक्की आली होती, जाती कोपऱ्यात पडली होती. ही चाल आता जगात आपल्या एकट्याच्या गळ्यात उरली, असं बुवांना वाटे. खरं सांगायचं तर त्यात त्यांना थोडं सुखही वाटे.

शिवथरघळ तिथून जवळच. दासबोध समर्थांनी तिथे सांगितला आणि कल्याणस्वामींनी लिहून घेतला, असं मानतात. शब्द असे कागदावर राहतात. चालीचं तसं नसतं. गी पॉइत्वाँ आणि हेमा राईरकर यांच्या गटाने महाराष्ट्रभरातून लाखाहून जास्त ओव्या जमवल्या, पण चालीसाठी त्यांनाही बायकांचे आवाजच ध्वनिमुद्रित करावे लागले.

म्हातारपणी बुवा एका नात्यातल्या लग्नाला कसबे शिवथरला गेले. रोजच्या दळणाला नसलं तरी हळदीला जातं लागतंच. पडवीत ते मांडलेलं, खुंट्याला एका पिकल्या केसांच्या बाईचा हात, भोवती सुना आणि नाती. सगळ्यांच्या तोंडी तीच चाल. बुवा उंबऱ्यातच उभे राहिले. दुसऱ्या ओळीच्या मधोमध सगळ्या थांबल्या. म्हातारीने सुपातली मूठ जात्याच्या तोंडात सोडली आणि ओवी पुढे गेली.

ओवी संपल्यावर बुवांनी विचारलं, “बाय, ही चाल कोणाची?”

“कोणाची म्हंजे? माझ्या आयेची. तिला तिच्या आयेनं दिली. इथं वाडीत समद्या हीच म्हणतात.”

“आणि मधे थांबता ते?”

तिने मान वर केली, नीट पाहिलं, ओळखलं आणि हसली. “आरं दादा, वैरण नको का घालायला?”

बुवाही हसले. मग तिथेच भिंतीला टेकून दळण संपेपर्यंत ऐकत बसले. कुडातून कधी न आलेली एक बारीक मुरकी त्या दिवशी त्यांच्या कानी पडली. त्यांच्या गाण्यात ती आजवर नव्हतीच.

पुढच्या सप्ताहात त्यांनी वाडीतल्या पोरांना चाल द्यायला घेतली, नव्या मुरकीसकट. एकाने विचारलं, “बुवा, तो थांबा ठेवायचा का?”

“ठेवा,” बुवा म्हणाले. “तिथं वैरण घालायची असते.”

त्यानंतर त्यांनी मागणाऱ्याला चाल नाकारली नाही.